फायनल कटच्या जुन्या लायब्रऱ्या नव्या मॅकवर आणताना

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याहून एक फोन आला. २०१० च्या हिवाळ्यात आम्ही पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर एक छोटा माहितीपट केला होता आणि त्यात दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेपासून पहाटे संपणाऱ्या नाटकापर्यंतची एक रात्र टिपली होती. त्या रात्री रंगपटात आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवणारे एक वयस्क नट आम्हाला भेटले होते. फोन त्यांच्या नातवाचा होता. "काका, आजोबा गेले मागच्या महिन्यात. त्यांचं ते तोंड रंगवतानाचं शूटिंग तुमच्यापाशी असन का अजून?" पूर्ण झालेला माहितीपट त्याच्याकडे होताच, पण त्यात आजोबा जेमतेम ७० सेकंद दिसतात. त्याला हवे होते ते न कापलेले, सलग ४० मिनिटांचे चित्रण, ज्यात ते रंग लावता लावता आपल्या पहिल्या भूमिकेविषयी बोलत होते.

चित्रण माझ्याकडे आहे याची मला खात्री होती, पण ते कोणत्या डिस्कवर आहे आणि ती डिस्क चालू होईल की नाही, हे सांगता येत नव्हते. त्याला तसे स्पष्ट सांगून मी आठ दिवसांची मुदत मागितली. चित्रण मी त्याला सहाव्या दिवशी दिले, परंतु त्या निमित्ताने फायनल कट या अ‍ॅपलच्या व्हिडिओ संकलनाच्या प्रोग्रॅममध्ये २००८ पासून केलेले सगळे काम बाहेर निघाले आणि ते नव्या संगणकावर नीट बसवण्यात पुढचे अडीच महिने गेले. विदर्भात लग्नाचे, नाटकाचे, सणांचे चित्रीकरण करणारे माझ्यासारखे कित्येक जण आहेत आणि त्यांच्या कपाटांत अशाच डिस्का पडून आहेत. म्हणून जे केले ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या माझ्या खोलीत दोन यंत्रे आहेत. एक २०१० चा मॅक प्रो, ज्यावर मी मुद्दाम सिएरा हीच प्रणाली ठेवली आहे, आणि दुसरा एम४ चिपचा मॅक मिनी, ज्यावर सिक्वोया ही प्रणाली आणि फायनल कट प्रो ११ आहे. सिएरावर अडून राहण्याला कारण आहे. फायनल कट प्रो ७ हा २००९ चा प्रोग्रॅम सिएरापर्यंतच चालतो. २०१७ मध्ये आलेल्या हाय सिएरावर तो उघडतच नाही, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून तर ३२-बिटचे सगळेच प्रोग्रॅम बंद झाले. त्याच्या जागी २०११ च्या जूनमध्ये फायनल कट प्रो एक्स आला तो मुळापासून नव्याने लिहिलेला होता आणि त्यात ७ चे प्रोजेक्ट उघडण्याची सोयच नव्हती. त्या वेळी आम्हा संकलकांना त्याचा फार राग आला होता. आज मागे वळून पाहताना मला वाटते की राग योग्य होता, पण त्या रागापायी जुने प्रोजेक्ट वेळीच पुढे न नेण्याची चूक आपण केली. जुने यंत्र चालू आहे तोवर 'पुढे बघू' म्हणत राहिलो आणि मधली पंधरा वर्षे निघून गेली.

सुरुवात मी मूळ चित्रणापासून केली. प्रोजेक्ट, टायटल, इफेक्ट हे सगळे त्यानंतर हाती घेतले. प्रोजेक्टची फाइल बिघडली तर चित्रणावरून पुन्हा संकलन करता येते, पण चित्रण गेले तर प्रोजेक्टचा काही उपयोग राहत नाही. एकंदर ११ बाहेरच्या डिस्का निघाल्या. त्यांपैकी चार फायरवायर या जुन्या केबल-जोडणीच्या होत्या. नव्या मॅकला फायरवायरचे तोंड नाही. अ‍ॅडॅप्टरांची साखळी जोडून काम चालवणारे लोक आहेत, परंतु २०२५ च्या टाहो या प्रणालीतून अ‍ॅपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे, त्यामुळे तो मार्ग आता बंद होत आला आहे. मी या चारही डिस्का जुन्या मॅकलाच लावल्या, दोन्ही मॅक एका इथरनेट केबलने थेट जोडले आणि ज्या फिरल्या त्यांवरचे सगळे चित्रण नव्या डिस्कवर ओढून घेतले. फायरवायर ८०० चा प्रत्यक्ष वेग सेकंदाला ८० एमबीच्या आसपास मिळतो, म्हणजे एक टीबी उतरायला साडेतीन-चार तास लागतात. हाच मजकूर जुन्या मॅकच्या यूएसबी २ मधून काढला असता तर दुपटीहून अधिक वेळ गेला असता.

नागपूरच्या मे महिन्यात हे काम दुपारी करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बाहेर ४४-४५ अंश असताना बंद खोलीत तासन्‌तास फिरणारी जुनी डिस्क हाताला चटका देईल इतकी तापते. त्यावर आपला नेहमीचा उपाय म्हणजे कूलर, पण कूलरची हवा दमट असते आणि तिच्या झोतात उघड्या डिस्का ठेवणे मला धोक्याचे वाटते. म्हणून कूलर बाजूच्या खोलीत ठेवला, डिस्का लाकडी फळीवर एकमेकींपासून वीतभर अंतरावर मांडल्या, वरून साधा पंखा लावला आणि रात्री दहानंतर कॉपी सुरू करून पहाटे बघायचे, असा क्रम ठेवला. विजेचा भरवसा नसल्यामुळे दोन्ही यंत्रे यूपीएसवर होती.

नाटकाचे चित्रण ज्या डिस्कवर होते, नेमकी तीच फिरेना. दिवा लागायचा, आत बारीक टक-टक व्हायची आणि पुन्हा शांतता. सीताबर्डीवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेली तेव्हा तिथल्या तरुण कारागिराने डबा खोलून आतली डिस्क बाहेर काढली, कानाजवळ धरून हलवून पाहिली आणि ती उघडी डिस्क संगणकाला जोडणाऱ्या साध्या साटा डॉकवर बसवली. डिस्क चांगली होती. वीज देणारा आणि फायरवायरला जोडणारा डब्यातला बोर्ड तेवढा गेला होता. ज्यांच्याकडे अशा बंद पडलेल्या डिस्का आहेत त्यांनी त्या भंगारात देण्यापूर्वी एवढी एक तपासणी अवश्य करून घ्यावी. त्या संध्याकाळी ४० मिनिटांची ती फाइल उघडली आणि आरशाशेजारच्या पिवळ्या दिव्यात त्यांचे बोट कपाळावर पांढरा रंग ओढताना दिसले. बाहेरून पेटीचा सूर येत होता. ती फाइल मी सर्वांत आधी दोन ठिकाणी उतरवली आणि नंतरच जेवायला गेलो.

कॉपी झाली म्हणजे ती बरोबर झाली, असे गृहीत धरू नये. फाइंडर फाइल उतरवतो, पण मूळ आणि प्रत तंतोतंत सारख्या आहेत का, हे ताडून सांगत नाही. म्हणून प्रत्येक फोल्डरचे दोन्हीकडे चेकसम, म्हणजे फायलींच्या मजकुरावरून निघणारे ओळख-आकडे, काढून ते जुळवले. दीड हजारांहून अधिक फायलींपैकी तीन जुळल्या नाहीत. त्या तीन पुन्हा उतरवल्यावर जुळल्या. त्या तीन फायलींत कोणाच्या तरी आयुष्यातला एक अख्खा तास होता.

यानंतर २०१४ ते २०२० मधल्या लायब्रऱ्या घेतल्या. फायनल कटमध्ये प्रोजेक्ट आणि त्यांचे चित्रण एकत्र सांभाळणारी लायब्ररी ही व्यवस्था २०१३ च्या डिसेंबरात, १०.१ या आवृत्तीपासून आली. वरून ती एकच फाइल दिसते, पण उजवी कळ दाबून 'शो पॅकेज कन्टेन्ट्स' केले की आत फोल्डर, डेटाबेस, रेंडर केलेल्या फायली असा सगळा संसार दिसतो. या एका गोष्टीमुळे जितकी फसगत होते तितकी दुसऱ्या कशाने होत नसेल. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलाला मी एक लायब्ररी नव्या मॅकवर घ्यायला सांगितली. त्याने ती ओढली, दहा मिनिटांत कॉपी झाली आणि उघडल्यावर तो म्हणाला, "सर, लायब्ररी तर उघडली, पण सगळं लालच दिसून राहिलं ना." ती लायब्ररी बनवताना आम्ही चित्रण जागच्या जागी ठेवण्याचा पर्याय निवडला होता, त्यामुळे आत खरे चित्रण नव्हतेच, केवळ जुन्या डिस्ककडे बोट दाखवणारे दुवे होते. त्यावरचा उपाय साधा आहे, पण तो जुन्या यंत्रावर, जुनी डिस्क जोडलेली असतानाच करावा लागतो. लायब्ररी निवडून 'कन्सॉलिडेट लायब्ररी मीडिया' केले की इकडे-तिकडे विखुरलेले सगळे चित्रण एका जागी गोळा होते. मी ते लायब्ररीच्या पोटात न घालता तिच्या शेजारच्या फोल्डरमध्ये गोळा करतो, कारण उद्या फायनल कट नसले तरी तो फोल्डर कोणत्याही संगणकावर उघडून पाहता येईल.

त्याआधी 'डिलीट जनरेटेड लायब्ररी फाइल्स' करून रेंडर, ऑप्टिमाइझ्ड आणि प्रॉक्सी या फायनल कटने कामाच्या सोयीसाठी स्वतः बनवलेल्या फायली काढून टाकल्या. त्या नव्या यंत्रावर केव्हाही पुन्हा बनतात. एका लग्नाची ६४० जीबीची लायब्ररी एवढ्यानेच २१० जीबीवर आली. नव्या फायनल कटने जुनी लायब्ररी उघडताना ती अद्ययावत करण्याची परवानगी विचारली जाते आणि एकदा होय म्हटले की ती जुन्या आवृत्तीत परत उघडत नाही. म्हणून होय म्हणण्यापूर्वी लायब्ररीची एक अस्पर्श प्रत वेगळ्या डिस्कवर असलीच पाहिजे. 'मूव्हीज' फोल्डरमध्ये फायनल कट स्वतः जे बॅकअप ठेवते त्यांवर विसंबून राहू नये, कारण त्यांत फक्त संकलनाची नोंद असते, चित्रण नसते.

फायनल कट ७ मधले प्रोजेक्ट अधिक कष्टाचे निघाले. त्यांचा रस्ता एक्सएमएल या, संकलनाची नोंद मजकूररूपात ठेवणाऱ्या फाइलमधून जातो. जुन्या मॅकवर ७ मध्ये सिक्वेन्स, म्हणजे संकलित क्लिपांची मांडणी, उघडायचा, त्याची एक्सएमएल फाइल काढायची, २०१२ मध्ये आलेल्या सेव्हन-टू-एक्स या छोट्या प्रोग्रॅममधून ती नव्या फायनल कटला समजेल अशा रूपात बदलायची आणि मग नव्या यंत्रावर आणायची. कट, क्लिपचा क्रम, आवाजाच्या पातळ्या हे सगळे व्यवस्थित येते. फिल्टर आणि ट्रान्झिशन काही येतात, काही गळतात. ७ मधून निघालेली एक्सएमएल फाइल साध्या मजकुराची असते आणि कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येते. शिवाय तीच फाइल प्रीमियर किंवा डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या संकलन-प्रोग्रॅमांतही नेता येते. ज्यांच्याकडे ७ उघडणारे यंत्र अजून जिवंत आहे त्यांनी बाकी काही करायला सवड नसली तरी सगळ्या सिक्वेन्सच्या एक्सएमएल फायली तेवढ्या आजच काढून ठेवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते यंत्र बंद पडल्यावर हा दरवाजा उघडणारे दुसरे कोणतेही साधन सहजी हाती लागत नाही.

चित्रण पुन्हा जोडताना नावांनी छळले. त्या काळी आम्ही टेपांना 'टेप १', 'टेप २' अशी नावे देत असू आणि प्रत्येक प्रकल्पात पुन्हा 'टेप १' पासून सुरुवात करत असू. परिणामी नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीवरील माहितीपटात एका ठिकाणी मिरवणुकीऐवजी कोणाच्या तरी हळदीचे चित्रण येऊन बसले. फायनल कट पुन्हा जोडताना फाइलचे नाव, फ्रेमचा वेग आणि आवाजाचे चॅनल पाहते आणि आमच्या सगळ्या टेपा २५ फ्रेमच्याच असल्याने त्याच्या दृष्टीने ती जोडणी बरोबरच होती. शेवटी प्रत्येक फाइलच्या नावाआधी वर्ष आणि गावाचे नाव लावले आणि जोडणी एकेक फोल्डर करून हाताने केली.

त्या मारबतीच्या चित्रणाने आणखी एक धडा दिला. २००८ मध्ये आम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभे राहून पिवळी आणि काळी मारबत हे दोन पुतळे समोरासमोर येतानाचे चित्रण केले होते. "घेऊन जा गे मारबत!" या आरोळीबरोबर हजारो हात वर जातात तो क्षण नव्या पडद्यावर पाहिला तेव्हा प्रत्येक हाताच्या कडेला कंगव्याचे दात असावेत तशा रेघा दिसत होत्या आणि हालचाल पुढे-मागे झटके खात होती. चित्रणात बिघाड नव्हता. पाल पद्धतीच्या डीव्ही टेपेमध्ये प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची, म्हणजे एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांची, असते आणि खालचे फील्ड आधी येते, तर एचडीव्ही या हाय डेफिनिशन टेपेमध्ये वरचे आधी येते. काही टेपा आम्ही दुसऱ्या संगणकावर कॅप्चर केल्या, म्हणजे उतरवून घेतल्या, होत्या आणि त्यांच्या फायलींत हा क्रम उलटा नोंदला गेला होता. क्लिप निवडून इन्फो इन्स्पेक्टरच्या 'सेटिंग्ज' दृश्यात गेले की 'फील्ड डॉमिनन्स ओव्हरराइड' मिळते. तिथे खालचे फील्ड आधी असे सांगताच हात पुन्हा सरळ वर गेले. चित्र आडवे दाबलेले दिसत असेल तर तिथेच 'अ‍ॅनामॉर्फिक ओव्हरराइड' पाहावे. काही लोक असे चित्रण खराब झाले असे समजून त्यावर धूसरपणाचा फिल्टर चढवतात आणि मग ते कायमचे खरोखरच खराब होते.

सर्वांत जास्त वेळ मात्र मराठी अक्षरांनी घेतला, आणि परदेशातल्या मार्गदर्शक लेखांत मला याचा उल्लेख सापडला नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. त्या काळात आमची टायटले युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नव्हती. श्रीलिपी, कृतिदेव किंवा योगेश अशा फॉन्टांत आम्ही टंकन करत असू. या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच राहते, फक्त त्याच्या जागी देवनागरीचा आकार बसवलेला असतो. त्यामुळे फॉन्ट नसलेल्या नव्या मॅकवर 'ज्येष्ठ झाडीपट्टी कलावंत' या ओळीच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची एक निरर्थक रांग उभी राहिली. जुन्या मॅकच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून ते फॉन्ट आणून बसवले की टायटले दिसू लागतात, आणि घाई असेल तर तेवढे पुरे आहे. हा फोल्डर उचलायला मात्र विसरू नये. त्यातले काही फॉन्ट आज विकतही मिळत नाहीत.

मी सगळी टायटले युनिकोडमध्ये बदलायचे ठरवले, कारण युनिकोडमधला मजकूर शोधता येतो, निवडून दुसरीकडे नेता येतो आणि तो एखाद्या फॉन्टच्या दयेवर राहत नाही. अशी रूपांतरे करणारी साधने आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. मराठीत त्यातला र आडवा, डोळ्याच्या पापणीसारखा वळलेला असतो. रूपांतर करणाऱ्या साधनाने त्याचा रफार करून तो ह च्या डोक्यावर ठेवला आणि पडद्यावर 'वर्हाड' उमटले. 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' यांचीही तीच गत झाली. हा र लिहायला युनिकोडमध्ये ऱ हे वेगळे अक्षर वापरावे लागते. ह्रस्व वेलांटीचेही तसेच होते. जुन्या फॉन्टांत ती व्यंजनाच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये नंतर येते, आणि रूपांतरात ती पुढच्या अक्षरावर सरकली तर 'शिवणी' गावाचे 'शविणी' होते. ज्या माणसाचे नाव पडद्यावर चुकले त्याला ते वर्षानुवर्षे लक्षात राहते, म्हणून २१४ टायटले मी एकेक करून जुन्या मॅकच्या पडद्याशी ताडून पाहिली. फॉन्टही बदलून पाहिले. काहींत ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि मराठी वाचकाला ते लगेच परके वाटतात. शेवटी एक टाइपच्या मुक्ता या खुल्या फॉन्टवर स्थिरावलो.

प्लगइनांविषयी, म्हणजे वरून जोडलेल्या इफेक्टच्या छोट्या प्रोग्रॅमांविषयी, फारसे सांगण्यासारखे नाही. जे बनवणाऱ्यांनीच सोडून दिले आहेत ते अ‍ॅपल सिलिकॉनवर, म्हणजे नव्या मॅकच्या चिपांवर, येत नाहीत. जुने प्रोग्रॅम नव्या चिपवर चालवणाऱ्या रोझेटाच्या आधाराने काही चालतात, पण अ‍ॅपलने हा आधार मॅकओएस २७ नंतर मोठ्या प्रमाणात काढून घेण्याचे जाहीर केले आहे. अशा प्रत्येक शॉटची प्रत मी जुन्या मॅकवरच प्रोरेस ४२२ या संकलनाच्या व्हिडिओ स्वरूपात काढून घेतली आणि नव्या टाइमलाइनवर मूळ क्लिपच्या वर ठेवली. सोरेन्सन आणि सिनेपॅक या कोडेकांतल्या, म्हणजे व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतींतल्या, थोड्या जुन्या फायली कॅटालिनापासून उघडत नाहीत. त्याही सिएरावर असतानाच प्रोरेसमध्ये बदलल्या.

जुलैच्या मध्याला ११ डिस्कांवरचा मजकूर दोन नव्या डिस्कांवर आला. त्यांची तिसरी प्रत माझ्या बहिणीच्या घरी अमरावतीला आहे. प्रत्येक चित्रपटासोबत त्याची एक्सएमएल फाइल, फॉन्ट, प्रोरेसमधली पूर्ण प्रत आणि टायटले नसलेली एक प्रत, असा एकेक फोल्डर केला आहे. झाडीपट्टीच्या नवव्या टेपेच्या फाइलमध्ये मधली सहा मिनिटे कॅप्चर करतानाच फाटलेली आहेत आणि ती मूळ टेपेवरून पुन्हा घ्यावी लागतील. त्यासाठी चालू स्थितीतला एचडीव्ही डेक शोधतो आहे. विदर्भात कोणाकडे असेल तर दोन दिवसांसाठी द्यावा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि आणून देईन.

नातवाने ते ४० मिनिटांचे चित्रण घरच्यांना एकत्र बसवून दाखवले. नंतर त्याने फोन करून विचारले की, अकराव्या मिनिटाला आरशात मागे दिवा धरून उभी असलेली बाई कोण, हे तुमच्या दुसऱ्या कोणत्या टेपेत दिसते का. त्याच्या आजीला ती आपली बहीण वाटते. तिसऱ्या आणि सातव्या टेपेत ती आहे. दोन्ही तुकडे मी त्याला पाठवले आहेत.